मदत हवी आहे: माथ्यावरून चौफेर दिसेल असा एका दिवसाचा डोंगर कसा निवडावा?

नकाशावर दोन वाटा काढल्यात, पण ठरत नाहीये. पहिली जाऊन-येऊन १२ किमी, चढ ९०० मीटर, शेवटचा टप्पा उघड्या धारेवरून (डोंगराच्या कण्यावरून). दुसरी ८ किमी, चढ ५०० मीटर. पण समोच्च रेषा (नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) बघता माथा पसरट, वर हिरवा रंग, म्हणजे झाडीच! एवढं चढून दिसणार काय?

डोंगरात चालायला लागणारा वेळ काढायच्या नाइस्मिथच्या हिशोबाने (५ किमीला एक तास, दर ६०० मीटर चढाला आणखी एक) पहिलीला जेमतेम चार तास. त्यात विश्रांती धरलेली नाही. सोबत मोठा भाऊ आहे, त्याचे गुडघे उतारावर कुरकुरतात.

दुपारी ढग माथा झाकतात, म्हणून पहाटेच निघू. जाणकारांनो, माथा मोकळा आहे का हे घरबसल्या कसं ताडता? आणि धारेवर वारा वाढला तर कुठून मागे फिरता?