दोष बँडच्या थकव्याचा नाही, तापलेल्या हवेचा

"ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या उन्हाळी मैफिलींत दुपारी मागच्या रांगांना आवाज विरळ लागायचा, कारण वाजवणारी मंडळी उन्हाने थकलेली असायची" असं कुणीतरी लिहिलंय. थकवा येत असेलच, पण मागच्यांपर्यंत येताना आवाज विरतो त्याचं मोठं कारण हवेत आहे. तापलेल्या जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते, म्हणून आवाज वर वळतो आणि मागच्या लोकांच्या डोक्यावरून निघून जातो. सूर्य मावळून जमीन गार झाली की उलट होतं, तोच आवाज खाली वळतो. मी स्वतः एका मोकळ्या मैदानात अगदी मागे उभा होतो. चार वाजता बेस जवळजवळ ऐकूच येत नव्हता आणि अंधार पडल्यावर तोच छातीत धडधडायला लागला. स्पीकर तेच, वाजवणारेही तेच!

शिवाय तापमान एका अंशाने वाढलं की आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरने वाढतो. मैदानाच्या मध्यावर जे जादा स्पीकर उभे करतात, त्यांचा आवाज मुद्दाम किंचित उशिरा सोडावा लागतो (किती उशिरा, हे या वेगावर ठरतं), नाहीतर स्टेजवरून येणारा आवाज नंतर पोचून प्रतिध्वनीसारखा भासतो. जुलै १९७३ मध्ये अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनला ग्रेटफुल डेड, ऑलमन ब्रदर्स आणि द बँड या तीन बँडसमोर सुमारे ६ लाख माणसं होती. तिथे या कामासाठी डिजिटल डिले, म्हणजे आवाज उशिरा सोडणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, वापरलं होतं, त्या काळात ही फार मोठी गोष्ट. आणि गिटारचं म्हणाल तर सावलीत लावलेली तार उन्हात आली की प्रसरण पावून उतरते, म्हणून दोन गाण्यांच्या मध्ये गिटारवाले सारखे खुंट्या पिळताना दिसतात.