मदत हवी आहे: १८० वापरकर्त्यांसाठी किती अ‍ॅडमिन मागावेत?

चाकणकर:
आमच्या कंपनीत सेल्सफोर्सचे, म्हणजे ग्राहक आणि विक्रीच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, १८० वापरकर्ते आहेत आणि ते सांभाळणारा अ‍ॅडमिन मी एकटाच. पुढील वर्षाच्या मनुष्यबळाचा प्रस्ताव शुक्रवारी द्यायचा आहे. किती माणसे मागावीत, याचा ठोकताळा कृपया लवकर सांगावा.

जुना गडी:
नुसत्या १८० वरून काय सांगणार? त्यांत सेवा विभाग आहे का? ईआरपीशी, म्हणजे हिशेब-साठ्याच्या प्रणालीशी, जोडणी आहे का? आमच्याकडे साठच वापरकर्ते होते, पण सवलतींच्या मंजुरीची साखळी अशी गुंतलेली होती, की दोघांनाही दिवस पुरत नसे.

मीनल:
आम्ही साठ-सत्तर वापरकर्त्यांमागे एक असा हिशेब धरतो. वरिष्ठांना एकच आकडा हवा असतो. तीन मागा, दोन मिळतील.

जुना गडी:
आणि ते दोघेही दिवसभर पासवर्ड बदलून देत बसतील. चाकणकर, तिकिटांची, म्हणजे आलेल्या तक्रारींची, नोंद ठेवता का?

चाकणकर:
नाही, सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर येते. सांगायचे राहिले, वापरकर्त्यांपैकी निम्मे सेवा अभियंते आहेत आणि सॅप या ईआरपीशी जोडणीही आहे. दुसरा अ‍ॅडमिन मार्चमध्ये सोडून गेला.

ढगातला:
त्यापेक्षा सेल्सफोर्सऐवजी झोहोचे सॉफ्टवेअर घ्यावे, परवान्यांचा खर्च वाचेल.

मीनल:
प्रश्न माणसांचा आहे. झोहोलाही अ‍ॅडमिन लागतोच.

जुना गडी:
चाकणकर, दुसरा अ‍ॅडमिन गेला, ही गोष्ट पहिल्याच ओळीत यायला हवी होती. रोजच्या तक्रारी कोणालाही दिसतात, पण वर्षातून तीनदा, स्प्रिंग, समर आणि विंटर अशा नावांनी, जी नवी आवृत्ती येते, ती आधी सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीच्या प्रतीत, तपासून घेण्याचे दिवस कोणाच्याच खात्यात धरलेले नसतात. वर्कफ्लो रूल आणि प्रोसेस बिल्डर या, कामे आपोआप करवणाऱ्या जुन्या साधनांच्या आधाराची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ही होती. तुमचे नियम अजून त्यांवरच असतील, तर ते फ्लो या नव्या साधनात नेणे हे वेगळेच काम समजा. माझ्या मते एक अनुभवी आणि एक कनिष्ठ अ‍ॅडमिन कायमस्वरूपी मागावा, आणि सॅपच्या जोडणीसाठी कंत्राटी माणूस.

मीनल:
कंत्राटी माणूस गेला की जोडणीची माहितीही त्याच्याबरोबर जाते. हे आम्ही भोगले आहे.

चाकणकर:
काल रात्री बसून गेल्या महिन्याचे संदेश मोजले. ३१४ पैकी १२६ पासवर्ड आणि प्रवेशाचे निघाले, म्हणजे कनिष्ठ अ‍ॅडमिनची मागणी सहज पटवता येईल. ते करताना आणखी एक गोष्ट सापडली: सोडून गेलेल्या ११ जणांची खाती नुसती गोठवलेली आहेत. त्यांत माझ्या जुन्या सहकाऱ्याचेही आहे आणि विक्रीचा डॅशबोर्ड अजून त्याच्याच नावावर चालतो.

जुना गडी:
गोठवल्याने परवाना मोकळा होत नाही, खाते निष्क्रिय करावे लागते. मात्र आधी डॅशबोर्डचा रनिंग युजर, म्हणजे तो ज्याच्या नावावर चालतो तो वापरकर्ता, बदला, नाहीतर सोमवारी सकाळी विक्रीप्रमुखांचा पहिला फोन तुम्हालाच येईल. हे ११ परवानेही प्रस्तावात दाखवा.