मे महिन्यात मुलांसह वेरूळ-अजिंठा : नियोजन कसे करावे?

करवीरवासी

नमस्कार. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगर येथे मुक्काम करून वेरूळ, अजिंठा आणि दौलताबाद पाहण्याचा आमचा विचार आहे. मुलगी १२ वर्षांची असून तिला इतिहासाची मनापासून आवड आहे. मुलगा ७ वर्षांचा आहे आणि त्याला एका मूर्तीसमोर दोन मिनिटे उभे करणे हीच परीक्षा असते. सोबत सासूबाई आहेत, पण गुडघ्यांमुळे त्यांना फार चढउतार झेपत नाही. यजमानांचा आग्रह असा की, एवढ्या लांब जातोच आहोत तर सगळी लेणी पाहूनच यावे. मला मात्र उन्हाची आणि मुलांच्या कंटाळ्याची धास्ती वाटते. परतताना पुण्यात नणंदेकडे थांबणार आहोत, तेव्हा तेथील एखादे संग्रहालयही मुलांना दाखवावे असे मनात आहे. कोणता दिवस कोठे घालवावा, नेमके काय पाहावे आणि काय सोडावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खडकेश्वर

मी याच शहरात राहतो आणि दर उन्हाळ्यात पाहुण्यांना घेऊन वेरूळला जाणे हे ओघाने आलेच. सर्वप्रथम साप्ताहिक सुटीकडे लक्ष द्यावे : वेरूळ मंगळवारी बंद असते, तर अजिंठा सोमवारी. ही अदलाबदल ध्यानात न ठेवल्यामुळे दारातून परत फिरणारी कुटुंबे दर आठवड्याला दिसतात. दुसरी गोष्ट वेळेची. वेरूळची लेणी सकाळी लवकर उघडतात, त्यामुळे शहरातून पहाटे निघून सुमारे ३० किलोमीटरचे अंतर कापले, तर ऊन चढण्यापूर्वी मुख्य भाग पाहून होतो.

तेथे एकूण ३४ लेणी आहेत : १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. ही सगळी एका सकाळी पाहण्याचा हट्ट आपल्या यजमानांनी सोडावा, अशी माझी नम्र विनंती आहे. माझ्या मते मुलांसह तीनच पुरेत. सोळावे, म्हणजे कैलास, अर्थातच पहिले. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरत नेऊन हे मंदिर घडवले गेले. हे मुलांना खाली उभे राहून कळत नाही. म्हणून आधी बाजूच्या टेकडीवरील वाटेने वर जाऊन, मुलांचा हात धरून आणि कड्यापासून दूर राहून, शिखराकडे वरून पाहावे. कारागिरांनी काम जेथून सुरू केले ती बाजू तेव्हा समोर येते. सासूबाईंनी तोवर खालच्या अंगणात सावलीत बसावे. मग खाली उतरून मुलाला एक काम द्यावे : दक्षिणेकडील भिंतीवर रामायणाचा शिल्पपट आहे, त्यात सेतू बांधणारी वानरे शोधायची. त्याच बाजूला रावण कैलास हलवतो आहे ते शिल्प आहे. मुलीला उत्तरेकडील महाभारताचा पट दाखवावा आणि कोणता प्रसंग कोणता, हे तिचे तिलाच ओळखू द्यावे.

दुसरे दहावे लेणे. त्याच्या छताला लाकडी तुळयांसारख्या फासळ्या दगडातच कोरलेल्या आहेत, म्हणून त्याला सुताराचे लेणे म्हणतात. आत हळू आवाजात काही म्हटले तरी ते घुमत राहते, आणि मुलगा तेथे नक्की रमेल. तिसरे बत्तिसावे जैन लेणे, अंगात त्राण उरले असेल तरच. घृष्णेश्वराचे मंदिर जवळच आहे, त्यामुळे सासूबाईंचे दर्शनही त्याच सकाळी होईल.

वाघूरकाठ

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. अजिंठ्याबाबत थोडे लिहितो. शहरापासून ते सुमारे १०० किलोमीटर असून लेणी सकाळी ९ वाजता उघडतात, म्हणजे येथे पहाटेची सवलत नाही. खासगी वाहन फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढचे सुमारे ४ किलोमीटर तेथील बसने जावे लागते. बसमधून उतरल्यावर पायऱ्या आहेतच. सासूबाईंसाठी डोलीवाले मिळतात, दर मात्र आधी ठरवून घ्यावा.

चित्रे असलेल्या लेण्यांत पादत्राणे काढावी लागतात, आणि मे महिन्यातील दगड अनवाणी पायांना सोसत नाही, तेव्हा सर्वांसाठी जाड मोजे सोबत ठेवावेत. आत प्रकाश मुद्दाम मंद ठेवलेला असतो. उन्हातून आत शिरताच काही दिसत नाही म्हणून लोक लगेच बाहेर पडतात. डोळे सरावेपर्यंत मुलांना चक्क खाली बसवावे. चित्रांचा गिलावा जेथे निघाला आहे, तेथे चिखल आणि भुशाचा थर आणि त्यावरील चुन्याचा पातळ लेप वेगवेगळे दिसतात, आणि चित्र कशावर काढले आहे हे मुलीला पुस्तकापेक्षा तेथे चांगले समजेल. पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाचे चित्र सगळेच पाहतात. त्याच लेण्यात एका खांबावर चार हरणे कोरली आहेत आणि त्या चौघांना मिळून डोके एकच आहे. हे कोडे मुलाला घालावे. दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ रोजी खांबावर कोरलेले आपले नाव आहे. ते आज डोक्याच्या वर दिसते, कारण तेव्हा लेण्यात राडारोडा साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता. (भिंतीवर नावे कोरू नयेत, हे सांगायला याहून अडचणीचे उदाहरण दुसरे सापडणार नाही.) शेवटी सव्विसाव्या लेण्यातील बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती पाहावी आणि परतावे.

रानवाट

माझे मत थोडे वेगळे आहे. ७ वर्षांचे मूल आणि गुडघे दुखणाऱ्या आजी यांना मे महिन्यात अजिंठ्याला नेऊ नये. जाण्यायेण्यात २०० किलोमीटरचा प्रवास होतो आणि लेण्यांच्या समोरची उघडी वाट भर दुपारी तापते. अजिंठा डिसेंबरसाठी राखून ठेवावा. त्याऐवजी दौलताबाद सकाळी लवकर करावे. तेथील अंधारीतून, म्हणजे किल्ल्यातील काळोख्या भुयारी वाटेतून, विजेरीच्या उजेडात जाणे मुलांना फार आवडते. माथ्यापर्यंत जाण्याचा आग्रह नको. मेंढा तोफेपर्यंत पोहोचले तरी किल्ल्याचा पेच ध्यानात येतो.

करवीरवासी

सर्वांचे आभार. यजमानांना हे सर्व वाचून दाखवले. बरीच चर्चा होऊन असे ठरले की वेरूळ आणि दौलताबाद सगळ्यांनी मिळून पाहायचे. अजिंठ्याला फक्त मुलगी आणि तिचे बाबा जातील. मुलगा, सासूबाई आणि मी त्या दिवशी शहरातच पाणचक्की पाहू. पुण्याबद्दल कोणी काही सांगू शकेल का?

कसबा पेठ

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावे. दिनकर केळकर यांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते उभे केले आणि पुढे १९७५ मध्ये आपला सारा संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. येथे लढायांपेक्षा घरे अधिक दिसतात : दिवे, अडकित्ते, पाय घासण्याच्या वज्री, दारांच्या कोरीव चौकटी, वाद्ये. अडकित्त्यांच्या दालनात सासूबाईंना पुढे करावे आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. त्यांच्या लहानपणी घरात काय काय होते हे त्या सांगू लागल्या की वाटाड्याची गरज भासत नाही. मजले चढण्यासाठी जिने आहेत, म्हणून त्यांच्यासाठी तळमजला आणि एखादेच वरचे दालन निवडावे, आणि शनिवार-रविवारची गर्दी टाळावी.