मदत हवी आहे: जुन्या होंडा सिटी व्हीटेकला अंडरड्राइव्ह पुली बसवून खरंच ताकद वाढते का?

निळी_सिटी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २००२ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक आहे. पुनर्नोंदणी झाली आहे, पर्यावरण कर भरला आहे, पत्रा साफ आहे आणि इंजिन अजून उघडलेलं नाही. कागदावर १०६ बीएचपी. त्यातले किती घोडे आता जिवंत आहेत देव जाणे, पण वरच्या आरपीएमला व्हीटेक (व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा) लागलं की अजूनही मजा येते. रोजच्या ऑफिसला कंपनीची बस आहे. ही गाडी रविवारी सकाळी ताम्हिणीला आणि अधूनमधून घरच्यांना घेऊन कोल्हापूरला.

परवा एका ट्यूनिंगवाल्याने अंडरड्राइव्ह पुली सुचवली. क्रँकवरची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरची, मूळ पुली काढायची आणि तिच्या जागी लहान व्यासाची, अ‍ॅल्युमिनियमची बसवायची. मग ऑल्टरनेटर, पॉवर स्टिअरिंगचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर सगळे हळू फिरतात, इंजिनाची ताकद कमी खातात, आणि वाचलेली ताकद चाकाला मिळते. "आठ-दहा एचपी कुठे गेली नाही, सर." पुली बाहेरून मागवायची, आखूड पट्टे घ्यायचे, वर मजुरी. एकूण खिशाला चाट बरीच आहे.

ऐकायला पटतं, पण इतकं सोपं असेल तर कंपनीनेच लहान पुली का नाही बसवली? शिवाय मूळ पुलीत मध्ये रबराचं कडं दिसतं, नवी मात्र एकसंध धातूची आहे. त्याने काही बिघडतं का? कुणी या गाडीवर किंवा दुसऱ्या कुठल्या गाडीवर बसवली असेल तर कृपया सांगा.

पाना_दहाबारा

पोटापाण्याचा धंदा इंजिन टेस्टिंगचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी त्या आठ-दहा एचपीचं बघू. १० एचपी म्हणजे साधारण साडेसात किलोवॅट, म्हणजे बाथरूमचे जवळपास चार गीझर. एवढी ताकद तुमच्या पट्ट्यावरच्या उपकरणांत वाया जात असती तर बॉनेट उघडल्यावर धूरच दिसला असता. वाचवायला आधी तेवढं खर्च व्हायला हवं ना!

आता एकेक घ्या. ऑल्टरनेटर विजेच्या मागणीइतकाच भार घेतो. दिवसा, दिवे बंद असताना इंजिनाला फार तर २५ अँपिअर लागतात असं धरा. १४ व्होल्टने गुणा, ३५० वॅट झाले. ऑल्टरनेटरची कार्यक्षमता ५५-६० टक्के, म्हणजे पट्ट्यावर ६०० वॅट, एक एचपीसुद्धा नाही. आणि मेख अशी की पुली लहान केली तरी गाडीची विजेची मागणी तीच राहते. हळू फिरून तीच वीज द्यायची तर ऑल्टरनेटरला जास्त टॉर्क लागतो. वाचतो तो फक्त त्याच्या आतल्या पंख्याचा आणि बेअरिंगचा भार, म्हणजे किरकोळ.

एसीचं तर बोलायलाच नको. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीयू (इंजिनाचा संगणक) स्वतःच कॉम्प्रेसरचा क्लच सोडतो, मग तिथे फुकट फिरते ती नुसती पुली. पॉवर स्टिअरिंगच्या पंपात थोडं वाचेल.

खरी बचत होते ती पाण्याच्या पंपात आणि रेडिएटरच्या पंख्यात, कारण त्यांना लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग पाऊण केला तर भार निम्म्याहून खाली येतो. पण तुमच्या डी मालिकेच्या इंजिनात पाण्याचा पंप आतल्या, वेगळ्या टायमिंग बेल्टवर चालतो. पुढची पुली बदलून त्याला काडीचा फरक पडत नाही. पंखा आधीच इलेक्ट्रिक. म्हणजे जिथे कमाई होती ती दोन्ही गिऱ्हाइकं तुमच्या पट्ट्यावर नाहीतच. एक, फार तर दीड एचपी धरा.

रबराबद्दल: ते कडं डँपर आहे. प्रत्येक स्फोटाबरोबर क्रँक किंचित पिळला जातो आणि परत सुटतो. ठराविक आरपीएमला हा पीळ वाढत जातो, तो रबर शोषून घेतं. विकणारे सांगतात, "हे इंजिन आतूनच बॅलन्स्ड आहे, डँपरची गरज नाही." बॅलन्सिंग वेगळं आणि पिळाचं कंपन वेगळं, त्यांची गल्लत करू नका. तुमच्या इंजिनात ऑइल पंप थेट क्रँकच्या पुढच्या टोकावर बसतो, म्हणजे ज्या टोकाला ही थरथर सर्वात जास्त, नेमका तिथेच. मी माझ्या गाडीला एकसंध पुली लावणार नाही.

निळी_सिटी

दंडवत! पण त्याने मला एका गाडीचे डायनोवरचे (चाकाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचे) आधीचे-नंतरचे आलेख दाखवले. पाच एचपीचा फरक स्पष्ट दिसत होता. तो कुठून आला मग?

पाना_दहाबारा

इंजिन किती तापलं होतं, टायरमध्ये हवा किती, गाडी रोलरवर किती आवळून बांधली, एवढ्यावरही १०० एचपीच्या गाडीत दोन-एक टक्के इकडेतिकडे होतात. दुसरं म्हणजे डायनो कुठल्या जातीचा होता? जड रोलर किती लवकर वेग घेतो यावरून ताकद काढणारा असेल, तर फिरणारा कुठलाही भाग हलका केला की आकडा वाढलेला दिसतो. स्थिर आरपीएमला भार लावून मोजणाऱ्यावर तो दिसणार नाही.

हलकेपणाचा फायदा खोटा नाही, फक्त छोटा आहे. दीड किलो वजन कमी झालं, त्रिज्या ७ सेंटिमीटर आणि पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर १३ धरून हिशेब केला, तर गाडी साधारण ८ किलोंनी हलकी केल्यासारखं होतं. तिसऱ्या गिअरला तेच जेमतेम एक किलो. डिकीतली छत्री, पाण्याचे कॅन आणि जुनी मासिकं काढा, प्रत्येक गिअरमध्ये फायदा.

मिशिगनकर

वरचं सगळं बरोबर, पण या पुल्या म्हणजे निव्वळ फसवणूक असं कुणी समजू नये म्हणून लिहितो. माझ्याकडे १९९० ची मस्टँग ५.० आहे. व्ही८, मूळची २२५ एचपी. अमेरिकेत या पुल्यांचं वेड पसरलं ते बऱ्याच अंशी या मॉडेलमुळे, आणि त्याला कारण होतं. तिच्या एकाच लांब पट्ट्यावर पाण्याचा पंप, त्याच्यावरच क्लचवाला भला मोठा पंखा, वर प्रदूषण कमी करण्यासाठीचा हवेचा पंपसुद्धा. म्हणजे हळू केल्यावर खरोखर वाचेल असं गिऱ्हाईक भरपूर. शिवाय तिच्यात डँपर वेगळा आणि पुली त्यावर चार बोल्टांनी बसवलेली. पुली बदलली तरी डँपर जागेवर राहतो. सिटीत दोन्ही एकच, त्यामुळे तिथला अनुभव इथे लावता येत नाही.

आणि त्रास? जानेवारीतल्या संध्याकाळी सिग्नलला थांबलो की हीटरचा ब्लोअर, मागच्या काचेची तापणारी तार आणि हेडलाइट एकदम चालू. व्होल्टमीटरचा काटा खाली यायचा, दिवे पिवळे पडायचे. शेवटी नंतरच्या मॉडेलचा १३० अँपिअरचा ऑल्टरनेटर घातला. पुढे क्लचचा पंखा काढून भंगारातून फोर्ड टॉरसचा इलेक्ट्रिक पंखा आणला. त्याचा फरक पुल्यांपेक्षा जास्त जाणवला. तुमच्या सिटीत तो कारखान्यातूनच आला आहे!

घाटवळण

मी ट्रॅकवर गाडी चालवतो, आमच्याकडे या पुल्या वापरतात. पण हेतू वेगळा. अर्धा तास सलग सहा-सात हजारांवर इंजिन ठेवलं तर स्टिअरिंग पंपातलं तेल उकळतं आणि ऑल्टरनेटर त्याच्या मर्यादेबाहेर फिरतो. त्यांना वाचवायला वेग कमी करायचा. एचपी मिळाली तर वरकमाई.

निळी_सिटी, तुम्ही जुलैत रात्री चांदणी चौकात अडकलात, वायपर, दिवे, एसी आणि दोन्ही पंखे चालू, इंजिन आयडलला, की तुमचा ऑल्टरनेटर आधीच काठावर असतो. तो अजून हळू केलात तर बॅटरीतून उसनं घ्यावं लागेल. कॉम्प्रेसरही हळू, म्हणजे मे महिन्यात घरच्यांची बोलणी वेगळी.

त्यापेक्षा त्याच पैशांत व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट, बघून घ्या (यात स्क्रूवाले अ‍ॅडजस्टर आहेत, बरेच मेकॅनिक हात लावत नाहीत), कॉम्प्रेशन तपासा, व्हीटेक सोलेनॉइडची जाळी साफ करा, इंजेक्टर धुवा. वीस वर्षांत गळालेली ताकद परत मिळवणं कुठल्याही पुलीपेक्षा स्वस्त पडतं.

निळी_सिटी

सगळ्यांचे आभार. पुलीचा बेत रद्द. व्हॉल्व्ह क्लिअरन्स आणि कॉम्प्रेशनसाठी पुढच्या शनिवारी गाडी टाकतो. एकच उपप्रश्न: मूळ पुलीतलं रबर इतक्या वर्षांनी चांगलं असेल का? बाहेरून बारीक चिरा दिसतात.

पाना_दहाबारा

हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. मधला भाग आणि बाहेरचं कडं, दोन्हींवरून रबर ओलांडून जाणारी पांढऱ्या पेंट मार्करची एक सरळ रेघ मारा. आठ-पंधरा दिवस गाडी चालवा आणि परत बघा. रेघ तुटून पुढेमागे सरकली असेल तर रबर सुटलं आहे. मग टायमिंगची खूणही खोटी दाखवेल आणि एखाद्या दिवशी कडं पट्ट्यासकट निघून येईल. अशा वेळी मूळ प्रकारचीच, डँपरवाली नवी पुली घाला.

टायमिंग बेल्ट बदलायची वेळ जवळ आली असेल तर दोन्ही कामं एकदमच उरका, पुली तशीही काढावी लागते. तो मधला बोल्ट भयंकर आवळलेला असतो. पुलीच्या मध्यभागी ५० मिलिमीटरचा षटकोनी खड्डा आहे, त्यात बसणारा होल्डर मेकॅनिककडे आहे का ते आधी विचारा. नसेल आणि तो पुलीच्या कडेला पाइप पाना लावायला निघाला, तर चावी परत मागून घ्या.