शेवटून पहिले : शर्यतीत धावल्याचे तुमचे अनुभव लिहा

धावण्याच्या शर्यतींबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक पुढच्या फळीचं असतं. किती मिनिटांत संपवली, वेग कसा वाढवला, आता पुढची कुठली. पण कुठल्याही स्थानिक शर्यतीत सुरुवातीच्या रेषेपाशी जरा उभं राहून बघा. बक्षिसाशी काही देणंघेणं नसलेली कितीतरी माणसं दिसतील. कुणाला डॉक्टरांनी सांगितलंय, कुणी एखाद्या संस्थेसाठी निधी जमवतंय, कुणी मैत्रिणीला सोबत म्हणून आलंय. हा धागा त्यांच्यासाठी. मधल्या आणि मागच्या घोळक्यातून शर्यत कशी दिसते, काय उपयोगी पडलं, आयोजकांनी काय करायला हवं होतं, ते सविस्तर लिहा. वेळ नाही सांगितली तरी चालेल.

*

मी पन्नाशीनंतर धावायला लागले. त्याआधी फक्त चालायचे. मुलीने तिच्याबरोबर माझंही नाव नोंदवून टाकलं आणि मग सराव करणं आलंच. एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, आणि अंगवळणी पडेल तशी धावण्याची मिनिटं वाढवायची. वेग बरोबर आहे का हे ओळखायची खूण सोपी : शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला.

शर्यतीच्या दिवशी हेच सगळ्यात अवघड गेलं. भोंगा वाजला की आजूबाजूचे सगळे सुसाट सुटतात आणि आपले पाय आपोआप त्यांच्या मागे जातात. मुलगी माझं मनगट धरून म्हणत राहिली, "आई, अजून पाच मिनिटं चालल्यासारखंच धाव." निम्मं अंतर झाल्यावर, सुरुवातीला भर्रकन पुढे गेलेले बरेच जण धापा टाकत चालताना भेटले. फौजा सिंग २००० मध्ये लंडन मॅरेथॉन धावले तेव्हा ८९ वर्षांचे होते, हे तिने मला आधी सांगितलं होतं. तेव्हा ते दुसऱ्याच जगातलं वाटलं. आता त्यांनी पहिले काही किलोमीटर स्वतःला कसं आवरलं असेल, हे जाणून घ्यावंसं वाटतं.

*

ताईंच्या मुद्द्याला जोडून सांगतो. बिबला (छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदाला) वेळ नोंदवणारी चिप असेल तर गर्दीत पुढे घुसायची काहीच गरज नाही. चिपची वेळ तुम्ही रेषेवरची पट्टी ओलांडल्यावर सुरू होते, भोंग्याबरोबर नाही. (पहिल्या क्रमांकांची बक्षिसं मात्र बऱ्याच ठिकाणी भोंग्यापासूनच्या वेळेवर ठरतात.)

आणि दहा किलोमीटरच्या शर्यतीत मनगटावरच्या घड्याळाने १०.१५ किलोमीटर दाखवले म्हणून आयोजकांवर चिडू नका. प्रमाणित मार्ग सायकलच्या चाकाला मोजयंत्र लावून, प्रत्येक वळणाची सर्वांत जवळची रेषा धरून मोजतात. तो कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरतात. आपण वळणं लांबून घेतो, माणसांना वळसे घालत जातो, म्हणून अंतर वाढतं.

*

मी एका दृष्टिहीन धावपटूंचा सोबती म्हणून धावतो. निवृत्त शिक्षक आहेत, मी त्यांना सर म्हणतो. एका आखूड दोरीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. दोघांचे हात एका लयीत हलले पाहिजेत, नाहीतर दोरीला हिसका बसतो आणि त्यांचा तोल जातो.

माझं खरं काम बोलण्याचं. "पुढे खड्डा आहे" असं म्हणून भागत नाही. "तीन पावलांवर खड्डा, उजवीकडे सरकू" असं सांगावं लागतं. गतिरोधक कुठे, चढ कुठे संपतो, पाण्याचं टेबल कोणत्या हाताला, पुढचा माणूस थांबलाय की चालतोय, हे सगळं धावता धावता. म्हणून माझा स्वतःचा दम सरांपेक्षा जास्त टिकायला हवा. पॅरालिम्पिकमध्ये सोबत्याने धावपटूच्या आधी अंतिम रेषा ओलांडायची नाही असा नियमच आहे. आमच्यासारख्या छोट्या शर्यतीत ते कुणी तपासत नाही, आम्ही तरी पाळतो.

विनंती दोनच. चारचौघांनी हात धरून आडव्या ओळीत चालू नका. आणि दोन्ही कानांत गाणी लावून धावू नका. मी मागून "डावीकडून येतोय" असं ओरडतो, ते ऐकू यायला हवं.

एका शर्यतीनंतर सरांना मंचावर बोलावलं आणि माइक दिला माझ्या हातात. "यांना कसं वाटतंय?" असं मला विचारलं. मी माइक सरांकडे दिला. ते म्हणाले, "छान वाटलं. फक्त आम्ही पोचलो तोवर शेवटच्या टेबलावरचं पाणी संपलं होतं, तेवढं पुढच्या वेळी बघा."

*

पाण्याच्या टेबलावर मी स्वयंसेवक असते, म्हणून सरांचं म्हणणं मनाला लागलं. पुढचे धावपटू दोन-दोन ग्लास उचलतात, एक पितात, एक डोक्यावर ओततात. जे सर्वांत जास्त वेळ उन्हात असतात, त्यांच्या वाट्याला रिकामे खोके येतात. आम्ही आता मागच्यांसाठीचं पाणी आधीच वेगळं काढून ठेवतो आणि गर्दी ओसरेपर्यंत त्याला हात लावत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सावकाश धावणाऱ्यांनी प्रत्येक टेबलावर पाणी प्यायलंच पाहिजे असं नाही. तहानेपेक्षा जास्त पाणी पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं, आणि ते जिवावरही बेतू शकतं. बॉस्टन मॅरेथॉनच्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १३ टक्के जणांचं सोडियम कमी भरलं होतं, आणि चार तासांहून जास्त वेळ लागलेल्यांना हा धोका अधिक होता. तहान लागेल तसं प्या. कुणी बरळायला लागलं तर आणखी पाणी पाजू नका, डॉक्टरांना बोलवा.

*

धागाकर्ती : हे सगळं फार मोलाचं आहे. निधीसाठी धावलेल्या कुणी लिहील का?

*

मी लिहिते. धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग झाला होता. तो बरा झाल्यावर मी रुग्णांच्या राहण्याच्या सोयीसाठी धावायचं ठरवलं. सगळ्यांना एकच निरोप पाठवला तेव्हा जवळपास कुणीच उत्तर दिलं नाही. मग एकेकाला फोन केला, पैसे कशासाठी हवेत ते नेमकं सांगितलं, तेव्हा दूरच्या नातलगांनीसुद्धा दिले.

नाव नोंदवण्याआधी मी हल्ली एक प्रश्न विचारतेच : प्रवेश शुल्कातला किती भाग संस्थेला पोचतो? एका ठिकाणी टीशर्ट आणि पदकं झकास होती, पण या प्रश्नाचं उत्तर एकालाही देता आलं नाही. तिथे मी परत गेले नाही.

टेरी फॉक्सचं नाव इथे यायलाच हवं. कर्करोगात उजवा पाय गेलेला हा मुलगा १९८० मध्ये कृत्रिम पायावर कॅनडा ओलांडायला निघाला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. आजार फुप्फुसांत पसरला म्हणून थांबावं लागलं. प्रत्येक कॅनेडियनाकडून एक डॉलर, एवढंच त्याचं मागणं होतं, आणि तो हयात असतानाच २.४ कोटी डॉलर जमले. त्याच्या नावाने होणाऱ्या धावेत ना प्रवेश शुल्क असतं, ना विजेता. भावाबरोबर मी अशाच धावेत चालले. तो दमला की बसायचो, मग पुढे.

*

मी सगळ्यांच्या मागे चालतो. पाच किलोमीटरच्या मोफत 'पार्करन'मध्ये हे काम ठरवून दिलेलं असतं. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावपटूंनी पार्करन सुरू झालं. शेवटचा नंबर स्वयंसेवकाचा असला की धावणाऱ्यांपैकी कुणालाच शेवटचं असल्याचं दडपण राहत नाही.

आमच्या शर्यतीतही आम्ही हे सुरू केलं. मी "माझ्यामागे कुणी नाही" असं कळवल्याशिवाय कमान, घड्याळ आणि रस्त्यावरचे शंकू हलवत नाहीत. आयोजकांना याचा खर्च शून्य आहे, फक्त थोडं थांबावं लागतं.

सरांच्या सोबत्यांना एक विचारायचं होतं. आमच्याकडे दोघीजणींना सोबती व्हायचंय. सुरुवात कशी करावी?

*

रिकाम्या मैदानापासून करा. आधी एकीने डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि दुसरीने तिला न्यायचं, मग अदलाबदल. सुरुवातीचे काही दिवस फक्त चालायचं. ज्यांच्याबरोबर धावायचंय, त्यांच्याशी बसून शब्द ठरवा. "खाली" म्हणजे पायरी की उतार, हे नक्की हवं. आणि दोरी केवढी, ती हातात धरायची की मनगटात, हे त्यांनाच ठरवू द्या.