मास्टरमाइंड खेळताना दहा ओळी संपतात तरी कोड सापडत नाही, विचार कसा करायचा?

दुपारचा_चहा:
नमस्कार मंडळी, मुलगी पाचवीत आहे, तिच्या मामाने मास्टरमाइंड आणून दिलाय आणि आठवडाभर रोज जेवणं उरकली की आम्ही दोघं तेच घेऊन बसतो. खेळ माहीत नसेल तर सांगतो, एकाने आडोशामागे चार रंगीत खुंट्या लावायच्या, रंग सहा आणि तोच रंग परत वापरला तरी चालतं, दुसऱ्याने ओळखायचं. दर ओळीला लावणारा छोट्या पिना देतो, काळी म्हणजे रंगही बरोबर नि जागाही, पांढरी म्हणजे रंग आहे पण जागा चुकली. आमच्या बोर्डावर दहा ओळी आहेत.

अडचणी दोन. काल मी पहिल्यांदा लाल लाल निळा निळा लावलं, एकच काळी मिळाली. मग लाल हिरवा निळा पिवळा लावलं, आणि तिथून पुढे मी नुसते रंग बदलत राहिलो, दहाव्या ओळीपर्यंत जमलंच नाही. दुसरं म्हणजे भांडण. तिचा कोड होता लाल लाल निळा हिरवा, मी लावलं लाल पिवळा लाल लाल, तिने एक काळी नि दोन पांढऱ्या दिल्या, कारण "बाबा तुझे लाल तीन आहेत ना". मला वाटतंय हे चुकलं पण समजावून सांगता येईना, आणि ती रडवेली झाली. कुणी नीट सांगेल का?

मिरजेची_मावशी:
आधी लेकीचं बघू, ही चूक मोठी माणसंपण करतात. कोडातली एक खुंटी एकदाच मोजायची. तिच्याकडे लाल दोनच, त्यातला पहिला तुमच्या पहिल्या लालने काळी पिन देऊन संपला, उरला एक, त्याला तुमच्या उरलेल्या दोनपैकी एकच लाल लागू पडतो. म्हणजे उत्तर एक काळी, एक पांढरी.

मी घरी पोरांना असं शिकवलं की आधी जागा विसरा, फक्त रंग मोजा. लाल कोडात दोन आणि अंदाजात तीन, तर लहान आकडा घ्यायचा, दोन. पिवळा कोडात नाहीच, शून्य. एकूण पिना दोन. मग जागेवर बरोबर बसलेले मोजा, एक, त्या काळ्या, राहिल्या त्या पांढऱ्या. हिशोब असा दोन टप्प्यांत केला की वाद होत नाही. आणि पिना लावताना कुठल्या भोकात लावतोय याला काही अर्थ नसतो हेही तिला सांगा, नाहीतर मुलं समोरासमोरची पिन कुठली खुंटी दाखवते ते बघत बसतात. आमच्याकडे काळ्या आधी, पांढऱ्या नंतर असा नियमच आहे.

अजून एक, तीन काळ्या आणि एक पांढरी असं उत्तर कधीच येऊ शकत नाही. तीन जागेवर बसल्या तर चौथ्या रंगाला चुकायला जागाच कुठली उरली? हे तिला स्वतःला शोधू द्या, खूप आनंद होतो मुलांना.

सहा_रंग_चार_भोकं:
आता तुमच्या खेळाचं. लाल लाल निळा निळा ही सुरुवात उत्तम आहे, ती बदलू नका. एकूण कोड ६×६×६×६ म्हणजे १२९६, आणि या सुरुवातीनंतर कितीही वाईट उत्तर आलं तरी जास्तीत जास्त २५६ उरतात. चारही लाल लावले तर ६२५ उरू शकतात, चार वेगळे लावले तर ३१२.

चूक दुसऱ्या ओळीत झाली. एकच काळी आली म्हणजे लाल आणि निळा मिळून कोडात एकच खुंटी आहे, आणि ती आपल्या जागी आहे, म्हणजे लाल पहिल्या-दुसऱ्यात किंवा निळा तिसऱ्या-चौथ्यात. तुम्ही परत लाल आणि निळा दोन्ही लावले, तो अंदाज बरोबर असणं शक्यच नव्हतं, कारण तोच कोड असता तर पहिल्या ओळीला दोन काळ्या मिळाल्या असत्या. लाल हिरवा पिवळा पिवळा चाललं असतं. खुंट्या लावण्याआधी दरवेळी विचारा, हेच उत्तर असतं तर वरच्या प्रत्येक ओळीला ज्या पिना मिळाल्यात त्याच मिळाल्या असत्या का? नाही, तर बदला. एवढं केलं तरी बहुतेक वेळा पाच-सहा ओळींत सुटतं.

पण शेवटी शेवटी हा नियम मुद्दाम मोडायचाही असतो. समजा लाल निळा हिरवा पक्के झाले, चौथा पिवळा, केशरी किंवा जांभळा. एकेक करून बघितलं तर तीन ओळी जाऊ शकतात. त्याऐवजी केशरी निळा हिरवा पिवळा लावा. तीन काळ्या आल्या तर पिवळा, दोन काळ्या एक पांढरी तर केशरी, नुसत्या दोन काळ्या तर जांभळा, पुढच्या ओळीत खेळ संपला. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी १९७७ मध्ये दाखवलं की कुठलाही कोड पाच ओळींत काढता येतोच, त्यातही काही ठिकाणी अशा बरोबर नसणाऱ्याच चाली आहेत.

वहीचं_शेवटचं_पान:
बोर्ड नसेल तेव्हा हाच खेळ कागदावर आकड्यांनी खेळा, आम्ही हॉस्टेलला तासन्‌तास बसून खेळायचो. चार वेगवेगळे अंक, शून्य चालेल, ५०४० शक्यता होतात, अवघड आहे पण नीट खेळलं तर सात चालींत सुटतंच. आणि यात दोघंही एकाच वेळी एकमेकांचा आकडा शोधतात, कुणाला बसून राहावं लागत नाही. मास्टरमाइंड तसा १९७० च्या सुमारास इस्रायलच्या एका पोस्टमास्तरांनी, मोर्देकाई मेइरोविट्झ यांनी बनवला, हा कागदावरचा खेळ त्याच्याही आधीचा.

दुपारचा_चहा:
मावशी, मोजायची रीत लेकीला लगेच कळली, तीन काळ्या एक पांढरीचंही तिने स्वतः शोधलं आणि आईला ओरडून सांगत सुटली. आज मी प्रत्येक ओळ वरच्या ओळींशी ताडून बघितली, पहिला खेळ सहाव्या ओळीत, दुसरा पाचव्यात. ती केशरीवाली युक्ती अजून वापरायची वेळ आली नाही. उद्या तिला आकड्यांचा शिकवतो.