अर्ली डिसिजनच्या अर्जात एसएटीचे गुण आणि अभ्यासेतर उपक्रम: वजन कशाला किती?

पुणे३८ (प्रश्न)

माझी मुलगी राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेत बारावीत आहे आणि पदवीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत अर्ज करणार आहे. तिची पहिली पसंती ब्राउन विद्यापीठाला असून तिथे अर्ली डिसिजनने, म्हणजे प्रवेश मिळाल्यास तिथेच जाण्याच्या वचनासह १ नोव्हेंबरच्या मुदतीत, अर्ज करावा की थांबून जानेवारीच्या नियमित फेरीत करावा, यावर घरात महिनाभर खल चालू आहे. दहावीला तिला ९६.४ टक्के होते आणि अकरावीला ८१ टक्के आहेत. जूनच्या एसएटीत (अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेशासाठीच्या १६०० गुणांच्या चाचणीत) तिला १४९० गुण मिळाले, त्यांपैकी गणितात ७८० आणि वाचन-लेखनात ७१०. सात वर्षे ती तबला शिकते आहे, मध्यमा पूर्ण झाली आहे. तीन वर्षे ढोल-ताशा पथकात आहे आणि चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत तिला ‘अ’ श्रेणी आहे.

एका समुपदेशकांनी आम्हाला ठामपणे सांगितले की परीक्षेला ४० टक्के, उपक्रमांना ३० टक्के आणि निबंधांना ३० टक्के वजन असते. तिचे गुण कमी पडत असल्याने उपक्रमांची बाजू ‘भरून काढण्यासाठी’ त्यांनी एक संशोधन प्रबंध आणि एक सामाजिक संस्था असा जोड सुचवला. दोन्ही त्यांच्यामार्फतच होणार, आणि अर्थातच वेगळे शुल्क देऊन. आपल्याकडे दहावीला चित्रकलेच्या श्रेणीचे आणि खेळाचे वाढीव गुण ठरलेले असतात, तसे काही कोष्टक तिकडे खरोखर असते का? चांगल्या उपक्रमांमुळे १४९० गुणांची उणीव झाकली जाते का? आणि लवकर अर्ज केल्याने निकष काहीसे सैल होतात, हे कितपत खरे आहे?

हंगामी_वाचक

मी अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयात तीन हंगाम अर्जवाचक म्हणून काम केले आहे, ब्राउनमध्ये नाही. त्यामुळे पुढचे लिखाण त्या मर्यादेत वाचावे.

टक्केवारीचे कोष्टक नसते. जी खासगी विद्यापीठे अर्ज समग्रपणे, म्हणजे सगळे घटक एकत्र धरून, वाचतात, त्यांच्याकडे तर नक्कीच नसते. बहुतेक विद्यापीठे दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे माहितीपत्रक प्रसिद्ध करतात. त्याच्या सी-७ या तक्त्यात शालेय अभ्यासक्रमाची काठिण्यपातळी, वर्गातले गुण, प्रमाणित चाचणी, निबंध, शिफारसपत्रे, उपक्रम, स्वभावगुण अशा प्रत्येक घटकासमोर ‘अत्यंत महत्त्वाचे’, ‘महत्त्वाचे’, ‘विचारात घेतले जाते’ किंवा ‘विचारात घेतले जात नाही’ यांपैकी एक खूण केलेली असते. एमआयटीचा (मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचा) तक्ता पाहाल तर चकित व्हाल, कारण तिथे ‘अत्यंत महत्त्वाचे’ ही खूण केवळ अर्जदाराच्या स्वभावगुणांसमोर आहे. याचा अर्थ गणित कच्चे असले तरी चालते असा नव्हे. गणित पक्के असणे तिथे गृहीतच धरलेले आहे.

आतले काम कसे चालते याचे सर्वांत उघड चित्र, प्रवेशात वंश विचारात घेण्यावरून हार्वर्डविरुद्ध झालेल्या खटल्यात दिसले. २०१४ मध्ये दाखल झालेल्या, २०१८ मध्ये बॉस्टनच्या न्यायालयात चाललेल्या आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या त्या प्रकरणात हार्वर्डची मूल्यांकनपद्धती कागदोपत्री बाहेर आली. शैक्षणिक, अभ्यासेतर, क्रीडा आणि व्यक्तिगत अशा चार बाजूंना १ ते ६ अशी श्रेणी दिली जाते आणि त्यांत १ ही सर्वोत्तम असते. मात्र त्या चार आकड्यांची बेरीज करून निकाल लागत नाही. वाचक एकूण श्रेणी स्वतंत्रपणे देतो आणि शेवटी समिती मतदान करते. अभ्यासेतर बाजूला १ मिळवायचा तर राष्ट्रीय पातळीवरची किंवा व्यावसायिक दर्जाची कामगिरी लागते. २ साठी विद्यार्थी परिषदेचे अध्यक्षपद किंवा शालेय वृत्तपत्राचे संपादकपद अशा भरीव जबाबदाऱ्या धरल्या जातात.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. गुण आणि उपक्रम एकाच प्रश्नाची उत्तरे देत नाहीत, म्हणून एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. ‘ही मुलगी इथला अभ्यासक्रम पेलेल का?’ हा पहिला प्रश्न, आणि ‘ती इथे चार वर्षे इतरांबरोबर काय करील?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘होय’ असे आले की परीक्षेचे काम जवळपास संपते. १५२० आणि १५६० यांतल्या फरकावर आमच्या टेबलावर कधी चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. परंतु पहिल्याचे उत्तर डळमळीत असेल तर ढोलपथक कितीही गाजलेले असो, वाचकाचे मन पुढे सरकत नाही.

आपल्या बाबतीत मला १४९० पेक्षा अकरावीचे ८१ टक्के अधिक खटकतात, आणि याचे कारण गुणपत्रिका वाचण्याच्या रीतीत आहे. फाईल उघडल्यावर मी आधी शाळेची माहितीपत्रिका पाहत असे. त्या शाळेत किती मुले आहेत, साधारण किती टक्के पडतात, मागच्या वर्षी सर्वाधिक किती होते, हे त्यावरून कळते. पुण्या-मुंबईच्या अनेक कनिष्ठ महाविद्यालयांच्या अर्जांत ते पान नसते, किंवा असले तरी त्यावर इमारतीचे छायाचित्र आणि संस्थापकांचा परिचय असतो. अकरावी हे आपल्याकडे जेईईच्या शिकवणीत बुडालेले ‘आरामाचे’ वर्ष असते, हे परदेशी वाचकाला कोण सांगणार? लवकरच्या फेरीत बारावीचा निकाल नसतो, शिक्षकांनी दिलेले अपेक्षित गुण तेवढे असतात. म्हणजे अकरावी हेच पूर्ण झालेले शेवटचे वर्ष. वाचकाला ८१ टक्के म्हणजे उत्तम की बेताचे हे उमगत नाही, तेव्हा त्याची नजर आपसूक एसएटीकडे वळते.

नेमक्या याच कारणासाठी अनेक विद्यापीठांनी करोनाकाळात ऐच्छिक केलेली परीक्षा पुन्हा सक्तीची केली. एमआयटीने २०२२ मध्ये, तर डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेक यांनी २०२४ मध्ये तसे जाहीर केले. डार्टमथच्या प्राध्यापकांच्या पाहणीत असे दिसले होते की साधारण शाळांतून आलेली, कमी उत्पन्नाच्या घरांतली मुले १४०० च्या घरातले गुण कमी समजून दडवत होती, आणि त्यांच्या परिस्थितीच्या तुलनेत तेच गुण त्यांच्या बाजूने बोलले असते. उलट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सर्व शाखा हे गुण पाहतच नाहीत. त्यामुळे ‘वजन किती’ याला एकच उत्तर नाही. ज्या अर्जात बाकीची कागदपत्रे कमी बोलतात, त्यात परीक्षेचे वजन आपोआप वाढते. आपल्या मुलीचा अर्ज मला त्याच प्रकारचा वाटतो.

एडिसनची_काकू

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु तिसरा प्रश्न राहून गेला आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीतून या चक्रातून गेला.

‘लवकर अर्ज’ हे एकच प्रकरण नाही. अर्ली ॲक्शनमध्ये निकाल लवकर लागतो, पण बंधन नसते. अर्ली डिसिजनमध्ये मात्र प्रवेश मिळाल्यास बाकीचे सर्व अर्ज मागे घेऊन तिथेच जाण्याचे वचन द्यावे लागते आणि त्यावर विद्यार्थी, पालक व शाळेचे समुपदेशक अशा तिघांच्या सह्या असतात. या फरकाचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०२४ मध्ये दाखल झालेल्या तुकडीसाठी एमआयटीत अर्ली ॲक्शनच्या १२,५६३ अर्जांतून ६६१ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे ५.३ टक्के, आणि एकूण प्रमाण ४.५ टक्के होते. अंतर फार नाही. त्याच वर्षी ब्राउनने अर्ली डिसिजनच्या ६,२५१ अर्जांतून ८९८ जण घेतले, म्हणजे सुमारे १४.४ टक्के, आणि एकूण प्रमाण मात्र ५.२ टक्के होते.

हा आकडा पाहून आम्हीही हुरळलो होतो. नंतर ध्यानात आले की त्या ८९८ जणांत क्रीडा प्रशिक्षकांनी आधीच हेरलेले खेळाडू असतात, माजी विद्यार्थ्यांची मुले असतात, आणि ज्यांची तयारी सप्टेंबरातच पूर्ण झाली आहे अशी मुलेही असतात. ही मंडळी वगळली तर उरलेल्यांची शक्यता तितकी उजळ राहत नाही. फायदा अजिबात नाही, असेही नव्हे. हार्वर्डच्या अभ्यासकांच्या २००३ मधील विश्लेषणात लवकर अर्ज करण्याचा लाभ एसएटीच्या सुमारे १०० गुणांइतका असल्याचे निघाले होते. पण तो लाभ येणाऱ्या विद्यार्थ्याची हमी मिळते म्हणून दिला जातो. त्यात वाचकाचे निकष सैल झालेले नसतात.

परदेशी अर्जदारांसाठी पैशाचा मुद्दा याहून मोठा आहे. ब्राउनने २०२५ मध्ये दाखल झालेल्या तुकडीपासून परदेशी विद्यार्थ्यांचा निर्णय घेताना त्यांची आर्थिक गरज न पाहण्याचे धोरण स्वीकारले आहे, ही आपल्या दृष्टीने चांगली बाब आहे. बहुतेक ठिकाणी तसे नसते आणि मदत मागितल्याचा परिणाम निर्णयावर होऊ शकतो. अर्ली डिसिजनच्या वचनातून सुटण्याचे सर्वमान्य कारण म्हणजे मिळालेली आर्थिक मदत अपुरी पडणे. म्हणून सही करण्याआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील खर्चाच्या गणकयंत्रात घरचे खरे आकडे भरून पाहा.

समुपदेशकांच्या ‘जोडा’विषयी थोडे कडू लिहिते. हार्वर्डमधील ‘ऑपॉर्च्युनिटी इनसाइट्स’ या गटाने २०२३ मध्ये दाखवले की परीक्षेत समान गुण असतानाही सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतील मुलांना या नामवंत विद्यापीठांत दाखल होण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक होती. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप, खेळाडूंची भरती आणि अभ्यासेतर बाजूच्या चढ्या श्रेणी ही त्याची तीन प्रमुख कारणे निघाली. म्हणजे पैसा उपक्रमांतून बोलतो हे खरेच. पण तो वर्षानुवर्षे बोलत आलेला असतो. बारावीच्या ऑगस्टमध्ये स्थापन केलेली सामाजिक संस्था कोणाच्याही डोळ्यांत धूळ फेकत नाही.

दुसरे_वर्ष

काका, मी पुण्यातूनच आलो आणि सध्या इथे अमेरिकेत दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून फक्त उपक्रमांच्या रकान्याबद्दल लिहितो.

कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक विद्यापीठांच्या सामाईक अर्जात, दहा उपक्रम लिहिता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला अवघी १५० अक्षरे मिळतात, तीही मोकळ्या जागा धरून. एमआयटीचा स्वतःचा अर्ज तर चारच उपक्रम विचारतो. दहाचे दहा रकाने भरलेच पाहिजेत असा नियम नाही. माझे सातच होते.

माझ्या पहिल्या मसुद्यात ढोलपथकाची ओळ साधारण अशी होती: ‘महाराष्ट्राच्या समृद्ध सांस्कृतिक परंपरेचे जतन करणाऱ्या पथकाचा उत्साही सदस्य.’ त्यात माझ्याविषयी एक शब्दही नव्हता. मग इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी मला विचारले, ‘अरे, तू तिथे संध्याकाळी सात वाजता पोहोचल्यावर सर्वांत आधी काय करतोस?’ मी सांगितले की ताण सैल झालेले ढोल वेगळे काढतो, दोऱ्या ओढतो आणि नवीन मुलांना टोल कुठे द्यायचा ते दाखवतो. शेवटची ओळ त्यातूनच तयार झाली: ‘दहा आठवडे रोज दोन तास सराव, ४० ढोलांची दुरुस्ती सांभाळली, १५ नवख्यांना तीन ताल शिकवले, मिरवणुकीत सहा तास वादन.’ आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे यांचे रकाने वेगळे असतात, तिथे खरे तेच लिहावे. वाचक ती बेरीज करून पाहतात, आणि दिवसाचे तास चोवीसच असतात.

मध्यमा पूर्ण म्हणजे काय, हे इथे कोणालाही ठाऊक नसते. परीक्षेचे नाव लिहून जागा घालवण्यापेक्षा सात वर्षे, आठवड्याला किती तास, कोणाला साथ केली, हे लिहावे. चित्रकलेची श्रेणी सन्मानांच्या पाच रकान्यांत बसते, पण ती चित्रे अजून काढत नसेल तर मी गाळली असती. आणि ती घरी आजीचे औषधपाणी बघत असेल किंवा दुकानात बसत असेल, तर तेही लिहा. कौटुंबिक जबाबदारी हा त्या यादीतला अधिकृत प्रकार आहे.

पुणे३८

आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. संशोधन प्रबंधाचा नाद आम्ही सोडला आहे. मुलीशी बोलल्यावर समजले की गेली दोन वर्षे ती रविवारी सकाळी गुरुजींच्या वर्गात लहान मुलांची पहिली तुकडी एकटीने घेते. ही गोष्ट उपक्रमांच्या यादीत लिहिण्याचे तिला किंवा आम्हाला सुचलेच नव्हते. आता दोनच शंका उरल्या आहेत. ऑक्टोबरमध्ये एसएटी पुन्हा द्यावी का? आणि अकरावीच्या ८१ टक्क्यांचा खुलासा कोणी करावा?

हंगामी_वाचक

ऑक्टोबरच्या सुरुवातीची परीक्षा जरूर द्यावी. ब्राउन प्रत्येक विभागातील सर्वोत्तम गुण एकत्र धरते, त्यामुळे गणिताचे ७८० राखलेलेच आहेत आणि तिने केवळ वाचन-लेखनावर भर द्यावा. तिथे ७४० झाले तरी बेरीज १५२० होते. नोव्हेंबरच्या परीक्षेचे गुण सहसा मुदतीनंतर येतात आणि ते कोण स्वीकारते हे विद्यापीठागणिक बदलते, त्यामुळे त्यावर विसंबू नये. पुण्या-मुंबईतील केंद्रे लवकर भरतात, तेव्हा नोंदणी याच आठवड्यात करावी.

अकरावीचा खुलासा मुलीने निबंधात करू नये. ती सबब वाटते. महाविद्यालयाकडून जो अहवाल जातो, त्यात प्राचार्यांनी किंवा वर्गशिक्षकांनी चार ओळी लिहाव्यात: अकरावीत एकूण किती विद्यार्थी होते, ७५ टक्क्यांच्या वर किती जण होते, सर्वाधिक गुण किती होते आणि पेपर कोणी तपासले. आपण स्वतः एका कागदावर हे आकडे मांडून कार्यालयात नेऊन द्या, कारण गणपतीनंतर सहामाहीचे पेपर सुरू झाले की तिथे कोणाला सवड राहणार नाही. गुणानुक्रमे ती पहिल्या दहांत असेल तर तेही त्यात येऊ द्या. अर्जासाठी ते एक वाक्य त्या प्रबंधापेक्षा मोलाचे ठरेल.